दुसऱ्या श्रेणीची गोष्ट

विदर्भाचा क्रिकेट संघ वर्षानुवर्षं रणजी करंडकाच्या 'प्लेट' गटात खेळायचा, हे आता सांगितलं तर नव्या पोरांना खरं वाटत नाही. त्यांना विदर्भ आठवतो तो २०१७-१८ मध्ये इंदूरला दिल्लीला हरवून करंडक आणणारा, पुढच्याच वर्षी नागपुरात तो राखणारा आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा जिंकणारा. आमच्या पिढीला मात्र तो प्लेट गटही आठवतो. मांडवाबाहेरच्या पंगतीत बसवल्यासारखं वाटायचं. पण त्या पंगतीची एक गोष्ट चांगली होती. तिथून मांडवात जायची वाट होती. चांगलं खेळा, वर जा. वाईट खेळलात, खाली या. कोणाची ओळख लागत नव्हती आणि कोणाला बोली लावावी लागत नव्हती.

हे आज आठवायचं कारण क्रिकेट नाही, फुटबॉल आहे. आमच्या पुतण्याला फुटबॉलचं वेड आहे. उमरखेडसारख्या गावात हे वेड जरा एकटंच असतं. मँचेस्टर, बार्सिलोना त्याला तोंडपाठ. एकदा मी त्याच्यासमोर आपल्या देशातल्या दुसऱ्या श्रेणीच्या फुटबॉल लीगचं काहीतरी वाचत बसलो होतो, तर तो म्हणाला, "काका, हे कोण बघते? पहिल्याच नंबरचं कोणी बघत नाही इथं!" प्रश्न बिनतोड होता. पण मला वाटतं, एखाद्या देशातला खेळ समजून घ्यायचा असेल तर शिखर बघू नये, पायऱ्या बघाव्यात. म्हणून ही दुसऱ्या श्रेणीची गोष्ट. नातेवाईक मंडळींनी कंटाळा न करता वाचावी. यात महाराष्ट्राचं बरंच काही आहे, आणि ते सगळंच सुखाचं नाही.

आधी लीग म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे खेळ म्हटला की 'टुर्नामेंट' डोळ्यांसमोर येते. गावोगावचे कबड्डीचे सामने घ्या, टेनिस बॉलचं क्रिकेट घ्या. मंडप, लाउडस्पीकर, पहिलं बक्षीस, दुसरं बक्षीस. सोळा संघ आले तर पंधरा सामन्यांत निकाल, आणि पहिल्याच फेरीत आठ संघांनी जेवून गावाचा रस्ता धरायचा. भारतातला फुटबॉलही शंभर वर्षं असाच वाढला. ड्युरंड १८८८ चा, मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ चा, कलकत्त्याची आयएफए शील्ड १८९३ ची. शहरांच्या आपापल्या लीगा होत्या, पण देश म्हणून जे काही होतं ते बाद फेरीचं होतं.

लीगचा हिशोब वेगळा. दहा संघ असतील तर प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्याच्या. म्हणजे नव्वद सामने. चौदा संघ असतील तर एकशे ब्याऐंशी. जिंकलं तर तीन गुण, बरोबरीला एक. एक दिवस वाईट गेला म्हणून कोणी बाद होत नाही, आणि एका दिवसाच्या नशिबाने कोणी राजाही होत नाही. शिवाय सहा-सात महिने आपल्या गावात ठरलेल्या अंतराने सामने होत राहतात. लोकांना सवय लागते. टुर्नामेंट म्हणजे जत्रा, लीग म्हणजे आठवडी बाजार. जत्रेची मजा जास्त, पण घर चालतं ते बाजारावर.

हा बाजार भारतात भरला तो १९९६ साली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने नॅशनल फुटबॉल लीग सुरू केली. पहिल्या हंगामात बारा संघ, त्यांचे दोन गट, मग प्रत्येक गटातल्या चार-चार संघांची अंतिम फेरी. फगवाड्याच्या कापड गिरणीचा जेसीटी संघ पहिला विजेता ठरला. त्यांच्याकडून खेळणाऱ्या बायचुंग भुतियाने सर्वाधिक चौदा गोल केले. पुढच्याच वर्षी या लीगला दुसरी श्रेणी जोडली गेली. वरचे तळाचे संघ खाली आणि खालचे पहिले संघ वर, हा नियम देशपातळीवर प्रथमच लागू झाला. २००६ मध्ये तिसरी श्रेणीही काढली. ती एकच हंगाम चालली. ही 'एकच हंगाम' वाली गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पुन्हा पुन्हा भेटेल.

२००७ मध्ये जुनी लीग मोडून आय-लीग आली. दहा संघ. पहिला विजेता गोव्याचा डेंपो. आणि २००८ मध्ये तिची दुसरी श्रेणी सुरू झाली. तिचा पहिला विजेता कोण? आपला मुंबई एफसी! २००७ मध्ये स्थापन झालेला, एस्सेल समूहाचा, अगदी कोरा क्लब. प्रशिक्षक इंग्लंडचे डेव्हिड बूथ. त्या वर्षी वरची लीग दहावरून बारा संघांची करायची होती, म्हणून खालून चार संघ वर गेले. मुंबई एफसी, कलकत्त्याचे चिराग युनायटेड आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग, आणि गोव्याचा वास्को.

आता या दुसऱ्या श्रेणीची रचना कशी होती ते सांगतो, कारण खरी अडचण तिथेच आहे. देशभरातून संघ यायचे. त्यांचे दोन-तीन गट पाडायचे. एकेक गट एकेका शहरात नेऊन बसवायचा आणि पंधरा-वीस दिवसांत त्या गटाचे सगळे सामने उरकायचे. गटातले पहिले संघ मग अंतिम फेरीत. कारण उघड आहे, पैसा. तिथल्या क्लबांना ना टीव्हीचे पैसे, ना तिकिटांचे. शिलाँगच्या संघाने केरळला जाऊन एक सामना खेळून परत यायचं म्हणजे वर्षाची पुंजी रेल्वेत आणि विमानात घालायची. एकाच गावात मुक्काम केला की भागतं. पण याने झालं काय, तर नाव लीगचं आणि तब्येत टुर्नामेंटची. घरचं मैदान नाही, घरचे प्रेक्षक नाहीत. क्लब आहे मुंबईचा आणि त्याचं भवितव्य ठरतंय भलत्याच शहरात, जिथे त्याला ओळखणारं कुत्रंही नाही. जिच्यामुळे आठवडी बाजार बाजार होतो ती गोष्ट, म्हणजे दर आठवड्याला त्याच जागी येणारं गिऱ्हाईक, या श्रेणीला मिळालंच नाही.

तरीही पायऱ्या होत्या, आणि लोक चढत होते. २००९ मध्ये चार संघ वर गेले आणि आय-लीग चौदा संघांची झाली. त्यात पुणे एफसी होता. अशोक पिरामल समूहाचा क्लब, तोही २००७ चा. वर गेल्यावर पहिल्याच हंगामात तिसरा. प्रशिक्षक होते डेरिक परेरा, ज्यांनी २००५-०६ मध्ये मुंबईच्या महिंद्र युनायटेडला नॅशनल लीगचं विजेतेपद मिळवून दिलं होतं. नॅशनल लीग आणि आय-लीग दोन्ही धरून महाराष्ट्राच्या क्लबाने जिंकलेलं ते एकमेव विजेतेपद. २००९-१० च्या हंगामात महाराष्ट्राचे किती संघ वरच्या लीगमध्ये होते बघा. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी, पुणे एफसी. चौदापैकी चार! आज हे लिहितानाही हेवा वाटतो.

आणि त्याच हंगामाच्या शेवटी, २०१० मध्ये, महिंद्र युनायटेड बंद झाला. हरून नव्हे. खाली घसरून नव्हे. १९६२ पासून चालत आलेला कंपनीचा संघ कंपनीने बंद करायचं ठरवलं आणि तो बंद झाला. लाल जर्सीतली ती 'जीपवाली' टीम एका निर्णयात संपली.

इथे मला जे सांगायचं आहे ते येतं. खाली पडणं आणि बंद होणं या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. पडलेल्यांची उदाहरणं बघा.

गोव्याचा साळगावकर क्लब १९९८-९९ चा राष्ट्रीय विजेता. २००८ मध्ये तो घसरून दुसऱ्या श्रेणीत गेला. वर्षभरात वर आला, आणि २०१०-११ मध्ये आय-लीग जिंकला! शिलाँग लाजाँग २००९ मध्ये वर, २०१० मध्ये खाली, २०११ मध्ये पुन्हा वर, २०१९ मध्ये खाली, २०२३ मध्ये पुन्हा वर. नुसतं शिडीवर वर-खाली. पण त्या प्रत्येक फेरीत शिलाँगच्या पोरांना खेळायला क्लब होता. मोहम्मेडन स्पोर्टिंग तर १८९१ चा क्लब. २००९ मध्ये घसरला, २०१३ मध्ये चढला, २०१४ मध्ये पुन्हा घसरला, २०२० मध्ये पुन्हा चढला आणि २०२३-२४ मध्ये आय-लीगचा विजेता झाला. घसरणं म्हणजे नापास होणं. नापास झालेला पोरगा पुढच्या वर्षी परत बसतो. पण शाळाच बंद झाली तर?

शाळा बंद होण्याचीही उदाहरणं मुबलक. जेसीटी, तोच पहिला राष्ट्रीय विजेता, २०११ मध्ये घसरला आणि परत बसायच्या भानगडीत न पडता त्याच वर्षी बंद झाला. मुंबईच्या ओएनजीसीची कथा त्याहून विचित्र. २०१० मध्ये हा संघ दुसरी श्रेणी जिंकून वर आला. २०११ मध्ये खाली गेला. २०१२ मध्ये पुन्हा खेळून वर आला. तीन वर्षांत दोनदा चढलेला संघ! २०१३ मध्ये तो आणि एअर इंडिया दोघेही लीगमधून काढले गेले. कारण मैदानावरचं नव्हतं. आशियाई महासंघाच्या परवाना-नियमांत क्लब ही स्वतंत्र नोंदलेली संस्था असावी लागते. तिचे स्वतःचे हिशेब असले पाहिजेत, लहान मुलांचे संघ असले पाहिजेत. हे दोघे पडले सरकारी कंपनीचे खेळ विभाग. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. कंपनीच्या एका सहीवर जगणारे संघ किती टिकतात हे आपण महिंद्रच्या बाबतीत पाहिलंच. पण नियमाने संघ गेले, त्यांच्या जागी महाराष्ट्रात नवे उभे राहिले नाहीत, ही गोष्ट उरतेच. शिवाय या संघांत फुटबॉलपटूंना नोकऱ्या होत्या. खेळ सुटल्यावरही महिन्याचा पगार होता. तो जमानाच त्यांच्याबरोबर गेला.

शिडीचं वजन आणखी एका बाजूने कमी व्हायला लागलं होतं. वर जायचा दुसरा दरवाजा उघडला, थेट प्रवेशाचा. २०१३ मध्ये बंगळुरू एफसी बोली लावून सरळ वरच्या लीगमध्ये आला आणि पहिल्याच हंगामात विजेता झाला. क्लब उत्तम चालवलेला, त्याबद्दल वाद नाही. पण याच दरवाजाने २०१४-१५ च्या हंगामात पुण्याचा भारत एफसीही आला. तो अकरा संघांत शेवटचा ठरला. थेट प्रवेश घेणाऱ्याला सुरुवातीला घसरण्यापासून संरक्षण होतं, म्हणून शेवटचा राहिला जागेवर आणि त्याच्या वरचा, दहावा, खाली गेला. तो कोण होता? डेंपो! पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला डेंपो. आणि ज्याला वाचवलं तो भारत एफसी? त्या एका हंगामानंतर बंदच झाला. (सांगितलं होतं ना, 'एकच हंगाम' पुन्हा भेटेल म्हणून.)

डेंपोने मात्र तक्रार करत न बसता २०१६ मध्ये दुसरी श्रेणी जिंकून दाखवली.

दरम्यान २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. दिवे, नट-नट्या, परदेशी म्हातारे खेळाडू, आठ शहरांचे आठ संघ. तिला ना खालून कोणी येणार, ना तिच्यातून कोणी खाली जाणार. पैसा आणि लक्ष तिकडे गेलं. पुणे एफसी, जो २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता होता, दोन वर्षांनी आवरला गेला. त्याची अकादमी सुपर लीगच्या एफसी पुणे सिटीकडे गेली आणि २०१९ मध्ये तो पुणे सिटीही उठून हैदराबादचा झाला. बालेवाडीच्या स्टेडियमने दहा-बारा वर्षांत असे तीन क्लब येताना आणि जाताना पाहिले. गवत तेच, पाट्या बदलल्या. बालेवाडीला आईबापांबरोबर येऊन बसणारी पोरं प्रत्येक वेळी नवीन रंगाची जर्सी घेत असतील का हो? की दुसऱ्या वेळेनंतर घेणं सोडत असतील?

आता या साऱ्या इतिहासातला माझा सर्वांत आवडता हंगाम, २०१६-१७.

मिझोरामचा ऐझॉल एफसी २०१५ मध्ये दुसरी श्रेणी जिंकून वर आला होता आणि २०१६ मध्ये घसरला होता. पण गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी लीगच्या पुढच्या आराखड्याला कंटाळून अंग काढून घेतलं. वर येण्याचा हक्क मिळवलेल्या डेंपोनेही तेच केलं. जागा रिकाम्या झाल्या आणि महासंघाने ऐझॉलला परत बोलावलं. त्याच वेळी मुंबई एफसीने आपला प्रशिक्षक बदलला. सात वर्षं तुटपुंज्या पैशांत संघ वरच्या लीगमध्ये टिकवून धरणारे खालिद जमील मुंबईहून निघाले आणि ऐझॉलला गेले. हे खालिद महिंद्र आणि एअर इंडियाकडून खेळलेले, मुंबई एफसीत खेळाडू म्हणून थांबून तिथेच प्रशिक्षक झालेले. म्हणजे पुरते मुंबईच्या फुटबॉलचे.

पुढे काय झालं? २२ एप्रिल २०१७ ला ऐझॉलने घरच्या मैदानावर मोहन बागानला १-० हरवलं. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये लाजाँगशी १-१ बरोबरी केली. ऐझॉल ३७ गुण, मोहन बागान ३६. वर्षापूर्वी घसरलेला संघ देशाचा विजेता! ईशान्य भारतातल्या क्लबाने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. इंग्लंडच्या लेस्टरशी तुलना झाली, आणि ती गैरही नव्हती. लेस्टर २००९ पर्यंत तिसऱ्या श्रेणीत होता आणि २०१६ मध्ये इंग्लंडचा विजेता झाला.

आणि त्याच तक्त्यात शेवटच्या, दहाव्या जागेवर कोण होतं? मुंबई एफसी. दुसऱ्या श्रेणीचा पहिलावहिला विजेता नऊ वर्षांनी त्याच श्रेणीत परत जायचा होता. गेला नाही. क्लब बंद झाला.

या दोन ओळी शेजारी ठेवून बघतो तेव्हा मला प्रश्न पडतो की मिझोरामकडे असं काय होतं जे मुंबईकडे नव्हतं? पैसा? छे. उत्तर ऐझॉलच्या विजेतेपदाच्या पाच वर्षं आधी सापडतं. २०१२ मध्ये मिझोरामने राज्याची स्वतःची प्रीमियर लीग सुरू केली. प्रायोजक कोण, तर तिथली स्थानिक केबल वाहिनी. सामने घराघरांत दिसू लागले. २०१४ मध्ये मिझोरामने संतोष करंडक जिंकला. २०१५ मध्ये ऐझॉल दुसऱ्या श्रेणीतून वर. २०१७ मध्ये विजेता. पायरीवर पायरी! त्यांनी तळ आधी बांधला आणि मग कळस चढवला. आपण महाराष्ट्रात चार-चार कळस आणले आणि ते ठेवायला देऊळच नव्हतं. खालिद जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. मुंबईच्या ज्या तीन क्लबांनी त्यांना घडवलं, त्यातला एकही त्या दिवशी त्या लीगांत उरलेला नव्हता.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. २०१७-१८ मध्ये दुसऱ्या श्रेणीत अठरा संघ, तीन गट. त्यात सुपर लीगच्या क्लबांचे राखीव संघही. या राखीव संघांनी खेळायचं, पण वर जायचं नाही! तरी त्याच वर्षी, २०१६ मध्ये जन्मलेला श्रीनगरचा रियल कश्मीर अंतिम सामन्यात दिल्लीच्या हिंदुस्तान संघाला ३-२ हरवून वर गेला. जम्मू-काश्मीरचा आय-लीगमधला पहिला क्लब. २०१९ मध्ये आशियाई महासंघाच्या संमतीने ठरलं की देशाची पहिली लीग ही सुपर लीग. म्हणजे आय-लीग उभ्या उभ्या एक पायरी खाली गेली आणि तिची दुसरी श्रेणी आपोआप तिसरी झाली. कोणी हरलं नाही, तरी सगळे घसरले.

करोनाच्या दोन वर्षांत ही श्रेणी नुसती पात्रता स्पर्धा होऊन राहिली. २०२० मध्ये बंगालमध्ये अवघे पाच संघ. २०२१ मध्ये सगळे सामने बंगळुरूत. या २०२१ च्या स्पर्धेत मुंबईचा केंकरे एफसी राजस्थान युनायटेडपाठोपाठ दुसरा आला आणि त्यालाही वर जागा मिळाली. कुठला उद्योगसमूह नाही, मुलांना फुटबॉल शिकवता शिकवता वाढलेला क्लब. दोन हंगाम टिकला, २०२३ मध्ये घसरला. २०२२-२३ च्या 'आय-लीग २' मध्ये अंबरनाथचा संघ होता, पुढच्या हंगामात महाराष्ट्र ऑरेंज. त्या हंगामात आठ संघ होते आणि प्रत्येकाने घरी-दारी मिळून चौदा सामने खेळले. म्हणजे दुसऱ्या श्रेणीला अखेर आठवडी बाजाराचं रूप आलं. २०२३ मध्ये 'आय-लीग ३' ही सुरू झाली. राज्यांनी आपले संघ पाठवायचे, गट, मग अंतिम फेरी, मग वर. डेंपो खालून सुरुवात करत २०२४ मध्ये पुन्हा आय-लीगमध्ये आला. वरचं दारही किलकिलं झालं. आय-लीग जिंकून २०२३ मध्ये पंजाब आणि २०२४ मध्ये मोहम्मेडन सुपर लीगमध्ये गेले. सुपर लीगमधून खाली मात्र २०२५ पर्यंत कोणीच उतरलं नव्हतं. घाई नको म्हणा. इंग्लंडमध्येसुद्धा चौथ्या श्रेणीच्या तळाचं दार १९८६-८७ पर्यंत मतदानावर चालायचं. नवा संघ घ्यायचा की नाही हे लीगमधले जुने संघच ठरवायचे. बंद दार उघडायला त्यांनाही शंभर वर्षं लागली.

आता पुतण्याकडे वळतो. "हे कोण बघते" या त्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की तू बघ, कारण या शिडीची सगळ्यात खालची पायरी तुझ्या गावापासून किती लांब आहे ते तुला कळेल.

शालेय खेळांत आपल्याकडे शिडी आहे, आणि ती बरी आहे. तालुका, मग यवतमाळला जिल्हा, मग अमरावती विभाग, मग राज्य. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे गट. उमरखेडच्या शाळेतलं पोरगं बसमध्ये बसून यवतमाळपर्यंत जाऊन खेळून येऊ शकतं. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, त्या आशेने का होईना आईबाप पाठवतात. १५ सप्टेंबर २०१७ ला, सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या तोंडावर, राज्य सरकारने 'मिशन वन मिलियन' म्हणून एकाच दिवशी लाखो विद्यार्थ्यांना मैदानावर उतरवलं आणि शाळाशाळांत फुटबॉल वाटले. त्या विश्वचषकात भारताकडून कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. चेंडू आले, उत्साह आला. पण एकोणीस वर्षं पूर्ण झाली की शिडी तिथेच संपते. पुढे पोलीस भरतीची धाव आणि संध्याकाळचं मैदान, बस्स.

राज्यात जिथे फुटबॉल खोल रुजला आहे, तिथेही तो आपापल्या आडातच आहे. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील, प्रॅक्टिस, शिवाजी, दिलबहार, खंडोबा या तालमींच्या सामन्यांना जी गर्दी होते ती आय-लीगच्या कित्येक संघांनी कधी पाहिली नसेल. त्यातला एकही संघ आय-लीगच्या वरच्या श्रेणीत खेळला नाही. नागपूर-कामठीचा फुटबॉल छावणीच्या काळापासूनचा. नागपूरच्याच विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन जे उभं केलं त्यावर २०२२ मध्ये 'झुंड' आला. मुंबईची लीग वेगळी, पुण्याची वेगळी, कोल्हापूरची वेगळी, नागपूरची वेगळी. प्रत्येक गावाला आपला आड आहे, पण एका आडातून दुसऱ्यात जाणारा पाट कुठे आहे?

म्हणून मला वाटतं, विदर्भाच्या पोरांसाठी सुपर लीगचा नागपूरचा संघ निघावा असं म्हणण्यापेक्षा यवतमाळ-पुसद-उमरखेड-नांदेड अशा पाच-सहा गावांची एक साधी लीग निघावी, असं म्हणणं जास्त शहाणपणाचं. सहा संघ, प्रत्येकाचे घरी-दारी मिळून दहा सामने, एकूण तीस. खर्च म्हणाल तर एसटीचं तिकीट आणि दोन वेळचं जेवण. नांदेड तर मराठवाड्यात, संघटनांच्या नकाशात बसायचं नाही, पण आम्हा पैनगंगेकाठच्या लोकांना ते यवतमाळहून जवळ. अशा लीगचा पहिला संघ विभागाच्या लीगमध्ये जावा, तिथला राज्याच्या, तिथला आय-लीग ३ मध्ये. यातली प्रत्येक पायरी लहान आहे. अवघड आहे ते त्या एकमेकींना जोडणं, आणि जोडलेल्या पंधरा वर्षं तशाच ठेवणं.

पुतण्याला हे सगळं वाचून दाखवलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "काका, मग सहावं गाव कोणतं?"

मी हदगाव म्हणालो, तो दिग्रस म्हणतोय. तुमच्या गावात अकरा पोरं असतील तर सांगा.